चार दिवस बोडी तुझ्याकडे

रेवता, उद्या सकाळच्या एसटीनं मी भंडाऱ्याले जातो.
डाव्या डोळ्यातला मोत्या पिकला म्हनतेत.
चार दिवस बोडी तुझ्याकडे.

पोते तीन आहेत छपरीत, विटांवर.
त्याच्यावरचे नंबर मले आता दिसत नाई,
मी हात घालतो.
रव्यासारखं सरकलं बोटांतून, तर पयलं.
तांदळाच्या कनीसारखं टोचलं, तर दुसरं.
तिसऱ्यात जिऱ्यासारखी लांबट कांडी.
तू वाचू शकते, तरी हात घालून पाय एकदा.
दुकानदार चुकते. बोट चुकत नाई.

साहेबाच्या कागदावर मिलीमीटर आहेत.
आपल्या हाताले पेरं आहेत.
झिंगा एका पेराचा असन तंवर रवा,
दोन पेरं झाला का कनी,
बोटभर झाला का कांडी.
मिशा मोजू नोको, मिशा खोट्या असतात.

पयल्या वर्षी तू नव्हती आली या घरात.
साकोलीवरून गटानं कांडी आनली, स्वस्त पडली म्हनून.
बोडीत पिल्लं होते पापनीएवढे.
त्यायनं ती कांडी पायात धरली,
फिरवली, टोकरली,
दुसरा आला, त्यानं वढली,
अन् रातभर असंच.
सकाळी ट्रे उचलला तर कांड्या फुगून कापूस झालेल्या.
आमी म्हनलं, पोटं भरले.
सुगरताबाई त हसली बी,
म्हने, आपले झिंगे उष्टं टाकतात, सावकाराचे लेकरं!
भुकेले होते गं.
कात टाकून जो नरम पडला
त्याले बाकीच्यायनं खाल्लं.
दिवाळीनंतर जाळं वढलं
अन् जाळं हलकं आलं.
कोनीच बोललं नाई, बांधावरून घरापरेंत.

मंग पुढच्या साली भ्यालो, रवाच टाकत रायलो.
मोठा झिंगा रवा वेचत बसत नाई.
रवा पानी पिते, गाळ पिते.
बुडाले काळं पडलं,
सडल्या अंड्याचा वास पार मारुतीच्या पारावर.

मी अठरा वर्षं अंगनवाडीत मदतनीस होती.
सुकडीचा घास किती करावा
हे ताटाकडे पाहून नाई समजत.
डोमाजीच्या सुनेचं जुळं आठवते ना?
एका घंट्याचं अंतर दोघांत.
एकाले सातव्या महिन्यात दात,
दुसरा वरीसभर बोळका.
बोडीतबी तसंच.
एकाच दिवशी, एकाच पिशवीतून सोडले,
पन पाय आता,
निळ्या नांगीचे पाच-पन्नास दादा मधात फिरतात
अन् बारके काठाच्या गवतात दबून.
म्हनून कांडी टाकशीन मधात, डोंग्यावरून,
अन् कनी काठाकाठानं, हातानं, वाकून.
पाठ दुखते. दुखू दे.

सकाळी थोडं, सांजेले जास्त. झिंगा रातचा जीव.
दीड घंट्यानं ट्रे उचल.
साफ असन तर उद्या मूठभर वाढव,
उरलं असन तर हात आवर,
आभाळ दाटलं असन तर विचार करूनच टाक.

काल दहा मोजले मी.
दिसले नाई, हातावर चालले.
आठ बोटभर, दोन अजून दोन पेरांचे.
ते दोन मी परत काठालेच सोडले.

परवा डाक्टरनं डोळ्याचं माप घेतलं, मशीनवर हनुवटी ठेवून.
म्हने, आजी, भिंगाले नंबर असते,
दुसऱ्याचं तुमाले चालत नाई.
म्हनलं मी, बापा,
हे तू मले सांगतं?
त्याले काही समजलं नाई. नर्सबाई हसली.

अन् हो,
तिसरं पोतं उंदरानं कोपऱ्यात कुरतडलं आहे.
सुई-सुतळी चुलीच्या वरच्या कोनाड्यात.
आजच शिव,
मी आहे तंवर. सुईत वोवून मातर तूच घे.